आत्याचा ट्रक

प्रमोद गेला ही बातमी मला त्याच्याच फोनवरून आली. मी अकोल्यात माझ्या स्वयंपाकघरात कॉलेजला न्यायचा डबा भरत होते, आणि स्क्रीनवर त्याचं नाव बघून फोन उचलला तो तोंड सोडूनच. ‘‘आज काय बिघडलं रे? आवाज गेला की रंग गेले?’’ सकाळी सकाळी त्याचा फोन यायचा तो याच कारणासाठी. पलीकडून अनिलरावांचा, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा आवाज आला. ‘‘बेबीताई, मी बोलून राह्यलो. प्रमोदभाऊ गेले. अटॅक आला.’’ डबा तसाच उघडा टाकून मी अमरावतीची बस पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि एवढ्या वेळात मला रडू आलंच नाही. राग येत होता. छातीत दुखत होतं ते अ‍ॅसिडिटी म्हणून अंगावर काढलं, डॉक्टरकडे जायला याला सवड नव्हती, का तर शाळेला सुट्टी आहे तेवढ्यात एक गेम नीट करायचा होता. आता बरेच आठवडे होऊन गेलेत, तरी तो राग गेलेला नाही. हे लिहितानाही तो आहेच.

प्रमोद माझा आतेभाऊ. अमरावतीच्या एका शाळेत तो भूगोल शिकवायचा. नकाशात उत्तर दिशा दाखवली नाही की वही परत, असा त्याचा खाक्या होता आणि मुलं त्याला टरकून असायची. लग्न त्यानं केलं नाही. आम्ही तेल्हाऱ्यापासून चिखलदऱ्यापर्यंतच्या मुली सुचवून थकलो, पण प्रत्येकीच्या फोटोकडे बघून तो ‘‘चांगली हाये’’ म्हणायचा आणि विषय तिथंच संपायचा. वैशाली, धाकटी बहीण, अंजनगाव सुर्जीला दिली. घरात राहिले तो आणि आत्या. आणि तिसरा तो कॉम्प्युटर. जुने गेम नव्या सिस्टीमवर चालवून दाखवायचे, हा प्रमोदचा छंद. छंद म्हणते, आमचे काका त्याला ‘येड’ म्हणायचे. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरची मूळ व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती दर काही वर्षांनी बदलते. जुना गेम जुन्या व्यवस्थेच्या मापानं बनवलेला असतो. नव्या घराच्या दारातून जुनं लाकडी कपाट आत जात नाही, तशी त्याची गत होते. गेम सुरूच होत नाही, किंवा होतो तर आवाज येत नाही, रंग भलतेच दिसतात. बनवणारी कंपनी बहुतेक वेळा केव्हाच बंद पडलेली असते, त्यामुळे भांडायलाही कुणी नसतं. मग प्रमोद माझ्याशी भांडायचा. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, एवढ्यावरून मला यातलं सगळं कळलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याच्याकडे असे गेम पुष्कळ होते, पण खरं महत्त्व एकालाच होतं. वैशालीच्या शिक्षणासाठी म्हणून घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा कुठल्याशा मासिकासोबत फुकट मिळालेली ती सीडी. परदेशातल्या डोंगराळ, बर्फाच्या मुलखातून मालाचा ट्रक हाकायचा आणि गावोगाव पोहोचवायचा, एवढाच तो गेम. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान गेले, त्यानंतर आत्या घराबाहेर पडेनाशी झाली. देवळात नाही, शेजारी नाही, लग्नाकार्यात तर नाहीच. टीव्ही लावला तर त्याच्याकडे पाठ करून बसायची. प्रमोदनं एका रविवारी तिला सरळ कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि हाताखाली कीबोर्डची बाणांची बटणं दिली. जिनं आयुष्यात कधी सायकलचं हँडल धरलं नव्हतं, ती आत्या पहिल्याच दिवशी ट्रक दरीत घालून हसली. नंतर मला फोनवर सांगत होती, ‘‘बेबी, मी जिंदगीभर मांगंच बसली व. बैलगाडीत मांगं, सायकलवर मांगं, स्कूटरवर मांगं. आता मी चालवून राह्यली आन् प्रमोद बाजूले बसून राह्यला.’’ तेव्हापासून दुपारचं जेवण झालं, पातेली झाकली की आत्या ट्रक काढायची. बर्फाचा घाट उतरताना तिची जीभ दातात धरलेली असायची आणि कुणी दार वाजवलं तर ती हात न काढता ओरडायची, ‘‘थांब बापा, घाटात हावो!’’

एकच अडचण होती. त्या गेममध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो, दिसत नाही, नुसता बोलतो. ड्रायव्हर चुकला की हळू घे, मागं फिर, डिझेल भर. तो बोलायचा तडतडा इंग्रजीत, तेही नाकातून. ‘‘हा काय बोलून राह्यला मले काई समजत नाही, आन् याच्या नादात माहा ट्रक पडते,’’ अशी आत्याची तक्रार होती. तेव्हा प्रमोदनं काय करावं? त्यानं त्या माणसाची सगळी वाक्यं शोधून काढली, आणि एकेका वाक्याच्या जागी स्वतःचा आवाज भरला. पंख्याची घरघर नको म्हणून स्वयंपाकघरात बसून माइकवर बोलला. ‘‘आई, ब्रेक दाब.’’ ‘‘हयूहयू घे… समोर मोड हाये.’’ ‘‘डिझेल संपून राह्यलं न व आई.’’ एका वाक्याच्या मागं कुकरची शिट्टी ऐकू येते, ती त्यानं मुद्दाम काढली नाही की त्याला काढता आली नाही, देव जाणे. तो शाळेत असला तरी दुपारी घरात त्याचा आवाज चालू असायचा. शेजारच्या बायकांना कळेना, सर आज लवकर आले की काय.

आणि मग सुरू झाला तो छळ, ज्याची निम्मी झळ मला लागली. जुना कॉम्प्युटर जळाला, नवा घेतला, त्यावर नवी सिस्टीम, गेम बंद. तो चालू केला तर बर्फ जांभळा दिसायला लागला. बर्फ पांढरा केला तर आवाज गेला. आवाज आणला तर ट्रक जागचा हलेना. सुट्टीच्या सुट्ट्या त्यात गेल्या. ‘‘बेबीताई, सिस्टीम म्हणते फाईल सापडत नाही, आन् फाईल माह्या डोयासमोर हाये!’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझे कान किटले. मी म्हणायची, ‘‘अरे, आत्याला दुसरा एखादा गेम दे.’’ तो म्हणायचा, ‘‘दुसऱ्यात मी नाही न.’’ मला ते तेव्हा नुसतं हट्टाचं बोलणं वाटायचं. शेवटी एकदाचं सगळं जमलं, तेव्हा त्यानं एक नियम केला. या कॉम्प्युटरला नेट लावायचं नाही. कधीच नाही, कुणीच नाही, कशासाठीच नाही. नेट लागलं की सिस्टीम स्वतःला बदलून घेणार आणि सगळं मुसळ केरात. चपला घालून देवघरात जायचं नाही, हे जसं घरात सगळ्यांना माहीत असतं, तसा हा नियम सगळ्यांना माहीत होता. पण जमलं ते कसं जमलं, हे त्या शहाण्यानं कुठं म्हणजे कुठंही नोंदवून ठेवलं नाही. मुलांच्या नकाशात सूची नसली की आकाशपाताळ एक करणारा हा माणूस! सगळं डोक्यात, आणि डोकं घेऊन गेला…

आता त्या फ्लेक्सची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझ्या जिवाला चैन पडायचं नाही. आमच्याकडे माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर लोकांना वाटतं घरच्यांना दुःखच झालेलं नाही. फ्लेक्सला फोटो हवा, आणि प्रमोदचा एकुलता एक बरा फोटो, चिखलदऱ्याला धुक्यात काढलेला, त्या कॉम्प्युटरमध्ये होता. फ्लेक्सवाला म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. अनिलरावांनी आपल्या फोनची वायर कॉम्प्युटरला जोडली, नेट दिलं आणि फोटो पाठवला. वैशाली म्हणाली म्हणे, ‘‘दादाले चालत नाही तसं.’’ त्यावर कुणीतरी म्हणालं, ‘‘आता कोन रागावते?’’ फोटो गेला, पण फोन चार्जिंगही होतोय म्हणून वायर तशीच राहिली. मधे मधे स्क्रीनवर काहीबाही विचारणा व्हायची, आणि अनिलराव, भला माणूस, घरात पाहुणे, स्वयंपाक, भटजी, हे सगळं एकट्यानं बघत होते, ते प्रत्येक विचारणेला ‘हो’ म्हणत गेले. पुढं जागा भरली असं दिसलं तर ‘जुनं काढून टाकू का?’ यालाही हो म्हणाले. फ्लेक्स लागला. मी मुद्दाम चौकात जाऊन बघितला. फोटो आडवा ताणलेला, प्रमोदचा चेहरा दुप्पट रुंद. खाली शोकाकुल म्हणून फेटे घातलेल्यांची रांग, त्यात येत्या निवडणुकीला उभं राहू बघणारे एक गृहस्थ, ज्यांना प्रमोद कोण हे कुणीतरी त्याच दिवशी सांगितलं असणार. ह्यासाठी! एवढ्यासाठी!

तेरवी झाली, पाहुणे गेले. आत्यानं दुपारी पातेली झाकली आणि कॉम्प्युटर सुरू केला. समोर सगळंच अनोळखी. निळं, गुळगुळीत, काहीतरी हवामान दाखवणारं. ट्रकचं चित्र कोपऱ्यात तेवढं शिल्लक होतं. तिनं ते दाबलं. पडदा काळा झाला आणि परत निळा. तिनं पुन्हा दाबलं. तिचा फोन आला तेव्हा मी तासावर होते, बाहेर येऊन घेतला. आत्या रडत नव्हती. हळू आवाजात म्हणाली, ‘‘बेबी, गेला व तो.’’ मला वाटलं, तेच दुःख उमाळून आलंय. म्हटलं, ‘‘हो गं आत्या.’’ ती म्हणाली, ‘‘तसा नाही… यातूनई गेला.’’ मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रमोद व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचा, बोलून पाठवणं त्याला आवडत नसे. लग्नांच्या व्हिडिओत तो नेहमी कुणाची तरी खुर्ची हलवत असतो, बोलत कुठंच नाही. त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि तिथं फोनची वायर लावून आम्ही कुलूप घातलं होतं.

पुढच्या रविवारी मी गेले. मला वाटलं, काय मोठं काम आहे. गेमच्या फोल्डरमध्ये आवाजाच्या फाईली तशाच असणार, आणि त्या होत्या. मी मोठ्या दिमाखात आत्याला बोलावलं, एक फाईल दाबली. ‘‘आई, ब्रेक दाब,’’ प्रमोद म्हणाला. खोलीत तो इतका स्पष्ट बोलला की मी दाराकडे वळून बघितलं. आत्यानं पदर तोंडाला लावला, क्षणभर ऐकलं, आणि माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, ‘‘असं नोको. गाडी उभी हाये आन् तो ब्रेक दाब म्हनते. मी काय दाबू?’’ मी म्हटलं, ‘‘आत्या, मी या सगळ्या तुझ्या फोनवर टाकून देते, केव्हाही ऐक.’’ ती म्हणाली, ‘‘ऐकाले नाही पाहिजे मले. मले चालवाले पाहिजे.’’ मला तिचा राग आला. आई आणि मुलगा एका मातीचे, हट्टी, म्हणून मी मनात बडबडत बसले. पण ती बरोबर होती हे मला त्याच वेळी कळत होतं, आणि म्हणून अधिकच चिडचिड होत होती.

मग प्रत्येक रविवार अमरावतीला जाऊ लागला. जुन्या सिस्टीमवर परत जायची वाट अनिलरावांच्या ‘हो’नं बंद केली होती. जुन्या पद्धतीनं चालव, असं सांगायची एक सोय असते, ती सगळ्या प्रकारांनी करून झाली, पडदा काळा तो काळाच. इंटरनेटवर शोधलं. तिथं कुणा परदेशी माणसानं अगदी हाच गेम, अगदी हीच अडचण विचारली होती. माझ्या जिवात जीव आला. खाली त्यानंच लिहिलेलं, ‘जमलं, सगळ्यांचे आभार.’ कसं जमलं? ते नाही! पुढं कुणी विचारलंय, कुणी विनवलंय, पण हा पठ्ठ्या पुन्हा उगवलाच नाही. त्याला मी अकोल्याच्या बसमध्ये बसून शुद्ध मराठीत काय काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. अकोल्यात एका दुकानात गेले. तिथला इंजिनिअर म्हणाला, ‘‘मॅडम, काहून जुन्याच्या मांगं लागता? ट्रकचाच भारी गेम टाकून देतो.’’ अनिलरावांनी तर तो उद्योग करूनही पाहिला. बिचारे मनातून खात होते स्वतःला. आत्याच्या फोनवर त्यांनी नवा ट्रकचा गेम घालून दिला. रस्ते हायवेचे, ट्रक झगमगीत, बाजूला एक बाई गोड हिंदीत बोलणारी, आणि दर घाटाला जाहिरात. आत्यानं एकदा तो बघून फोन जावयाला परत दिला. ‘‘चांगला हाये जावईबापू,’’ म्हणाली. प्रमोद मुलींच्या फोटोंना म्हणायचा तसंच.

ज्या रविवारी मी हात टेकले होते आणि आत्याला तसं सांगायचं ठरवून गेले होते, त्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. फोल्डरमध्ये एका छोट्या फाईलचं नाव दुसऱ्या फाईली पुन्हा पुन्हा घेत होत्या, आणि ती फाईल जागेवर नव्हती. ती गेमची मूळ फाईल नव्हे, प्रमोदनं मधे घातलेली. जुन्या गेमचं बोलणं नव्या सिस्टीमला समजावून सांगणारी. गेली कुठं? नव्या सिस्टीमच्या पहारेकऱ्यानं, म्हणजे अँटिव्हायरसनं, ती धोकादायक ठरवून वेगळी कोंडून ठेवली होती, कोरोनात माणसं ठेवायचे तशी. माझ्या भावाच्या कित्येक सुट्ट्यांची मेहनत, आणि त्यावर लाल शिक्का, की यापासून तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे! मी तिला सोडवलं. तिथंही विचारलं, खात्री आहे का? पुन्हा विचारलं, नक्की का? मी मोठ्यानं ‘‘हो रे बाबा, हो’’ म्हटलं ते ऐकून आत्या स्वयंपाकघरातून धावत आली.

ट्रक आला. बर्फ जांभळाच, पण ट्रक आला. आत्या खुर्चीत बसली, बाण दाबला, आणि ट्रक सुसाट सुटला. नव्या सिस्टीमला दम म्हणून नाही, ती सगळा गेमच दहापट वेगानं पळवत होती. घाट आला, गेला, ट्रक हवेत, आणि प्रमोदची वाक्यं एकमेकांवर आदळायला लागली. ‘‘आई ब्रे… हयू… आई… डिझे… आई ब्रे…’’ मी वायरच ओढली. आत्या छातीवर हात ठेवून बसली होती. तिला ते ऐकवल्याबद्दल मला स्वतःची, सिस्टीमची, प्रमोदची, सगळ्यांची इतकी चीड आली की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि तिथं, फ्लेक्स उतरवून नेलेल्या त्या चौकाकडे तोंड करून, पहिल्यांदा पोटभर रडले. ‘‘येवढं केलं तं तेवढं काहून नाही करत?’’ आत्या दारातून म्हणाली. मी डोळे पुसून आत गेले. वेग आवरायचा उपाय त्यामानानं सोपा निघाला, कॉम्प्युटरला एका सेकंदात इतकीच चित्रं दाखव असं बजावायचं. बर्फाचा जांभळा रंग मात्र जाईना. आत्या म्हणाली, ‘‘राहू दे. कपाशीच्या फुलासारका दिसून राह्यला.’’

तिनं ट्रक काढला. हळू, नीट, जीभ दातात धरून. मी मागं खाटेवर बसून ऐकत होते. घाट आला आणि गेला, प्रमोद एकदाही बोलला नाही. म्हटलं, आवाज पुन्हा गेला की काय. पुढं रस्त्याला दोन फाटे फुटत होते. पाटी डावीकडची होती, बाण डावीकडचा होता, आणि आत्यानं ट्रक उजवीकडे घातला. रस्ता संपला, ट्रक माळावर गेला, तशी ती बटणावरचा हात काढून थांबली. ‘‘आई, कुठी चालली व?’’ प्रमोद म्हणाला. ‘‘तिकळे काईच नाही. वापस फिर… घाई करू नोको, मी हावो न.’’ आत्या वळली, फाट्यावर परत आली आणि पुन्हा उजवीकडेच गेली. मी न राहवून म्हटलं, ‘‘आत्या, डावीकडे आहे गं रस्ता.’’

‘‘मले माईत हाये,’’ ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. ‘‘बरोबर चालवलं तं तो बोलतच नाही, बेबी.’’

माझी बस निघायची वेळ झाली होती. मी उचललेली पर्स परत खाटेवर ठेवली आणि एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.